डॉक्टरपासून काही लपवू नये

नवऱ्याचं नाव घ्यायचं नाही अशी आमच्याकडे रीत होती आणि ती मी जन्मभर पाळली. या लिखाणात मी कुणाचंच नाव घेणार नाही. आत्याबाईंचं नाही, कारण त्यांना ते आवडलं नसतं. त्या डॉक्टरचं तर नाहीच. त्याला मी अहो-जाहोसुद्धा करणार नाही. आता या वयात मला कुणी सभ्यपणा शिकवायला येऊ नये.

लग्न होऊन मी पुण्याहून आकुर्डीला आले तेव्हा स्वातंत्र्य मिळून पाच-सहा वर्षं झाली होती. गाव सगळं शेतीवाल्यांचं. पिंपरीला औषधाचा कारखाना उभा राहत होता आणि आमचे हे तिथं गोदामात लागले होते. परदेशातून यंत्रांची लाकडी खोकी यायची. यंत्राला धक्का लागू नये म्हणून आत चुरगळलेले कागद कोंबलेले असायचे. ते कागद फेकूनच द्यायचे, म्हणून हे पिशवी भरून घरी आणायचे. चूल पेटवायला बरे पडायचे.

एकदा चुलीपाशी बसले असताना हातात रंगीत कागद आला. लाल-निळी चित्रं आणि माणसांच्या तोंडातून निघालेल्या फुग्यांत इंग्रजी अक्षरं. मी नववीपर्यंत शिकलेली, इंग्रजी अडखळत का होईना वाचता यायचं. मग मी पिशव्याच चाळायला लागले. तांब्यात निखारे घालून ते कागद इस्त्री करायचे आणि गादीखाली ठेवायचे. कुठल्याच गोष्टीचा शेवट मिळायचा नाही, मधली पानं गायब असायची. तरी वर्षभरात पाच-सहा गोष्टी जमल्या.

या गोष्टी ऐकायला माझ्याकडे एकच माणूस होतं, आत्याबाई. ह्यांची सख्खी आत्या. तरुणपणीच नवरा गेला, मूलबाळ नाही, म्हणून माहेरी राहायच्या. भोसरीला नवऱ्याच्या वाट्याची जमीन होती, तीन एकर, विहिरीसकट. ती त्यांच्या नावावर होती. सासरी दिराचा मुलगा होता, तो ती जमीन कसायचा आणि वर्षाचं धान्य आणून टाकायचा. पन्नाशीच्या बाई, काटक, म्हशीची धार काढताना म्हशीशी बोलायच्या आणि माणसांशी कमी. मला 'पोरी' म्हणायच्या. सासरी आलेल्या मुलीला 'पोरी' म्हणणारं माणूस मिळावं लागतं.

दुपारी त्या डाळ निवडायला बसल्या की मी कागद घेऊन बसायचे आणि चित्र दाखवत मराठीतून सांगायचे. गोष्टीतला शूर पुरुष आकाशात उडायचा. आत्याबाईंनी विचारलं, "ह्यानं पाठीला उपरनं कशाला बांधलंय?"

"उडायला."

"उपरन्यानं उडता आलं आस्तं तर आपला भटजी कवाच उडाला आस्ता."

मी इतकी हसले की डाळीचं सूप उलटलं.

पण या गोष्टींतला पापी माणूस कोण असायचा? तीन गोष्टींत तरी तो डॉक्टर होता. तापाचा नाही, मनाचा. टोकदार दाढी, जाड काचांचा चष्मा, ओठ एका बाजूला वाकवून हसणं. लोक त्याच्याकडे जाऊन कोचावर पडायचे आणि मनातलं सगळं सांगायचे. हा काळ्या वहीत उतरवून घ्यायचा. ज्याला पाण्याची भीती त्याला पाण्याच्या काठावर न्यायचा, जिला आईची आठवण तिच्यापुढे आईच्या आवाजात बोलायचा, आणि असं करून त्यांच्याकडून तिजोऱ्या फोडून घ्यायचा. एका गोष्टीत तर माणसांच्या डोक्यावर तारांची टोपी घालून त्यांना आपले गुलाम करायचा.

त्या पानावर आत्याबाईंचा हात थांबला. बाकीच्या मारामाऱ्या त्यांनी करमणूक म्हणून ऐकल्या होत्या, पण इथं त्या खरोखर चिडल्या. "इस्वासानं सांगितल्यालं इकतोय मुडदा," त्या म्हणाल्या. "आपल्याकडं आसं केलं तर गावात कुनी तांब्याभर पानी देनार न्हाई."

त्या असं म्हणाल्या त्याला कारण होतं. आत्याबाईंच्या अंगात यायचं. दर पौर्णिमेला संध्याकाळी देवीपुढे बसल्या की अंगात वारं शिरायचं, आवाज बदलायचा. आसपासच्या चार गावांतल्या बाया यायच्या, लिंबू-नारळ ठेवायच्या आणि आपलं गाऱ्हाणं सांगायच्या. नवरा मारतो, मूल राहत नाही, सासूनं दागिना दडवलाय. आत्याबाई उत्तर द्यायच्या. ते खरं होतं की खोटं यावर मी वाद घालणार नाही. एवढं सांगते, की अठरा-वीस बायांची गुपितं त्या बाईच्या पोटात होती आणि एक शब्द कधी बाहेर पडला नाही. दुसऱ्या दिवशी त्याच बायांशी पाणवठ्यावर काहीच माहीत नसल्यासारखं बोलायच्या.

मी पुण्याची, मला आधी हसू यायचं. मग सवय झाली आणि पुढे अभिमानच वाटायला लागला. आमच्याकडे अशी बाई घरात असणं मानाचं. कुणी पाहुणा आला की चहाच्या आधी आम्ही ते सांगायचो, हिच्या अंगात येतं म्हणून. जसं कुणी सांगावं की आमचा मुलगा मॅट्रिकला पहिला आला.

ही फुशारकी आमच्या मुळावर आली.

झालं असं, की माझे सासरे वारले. आत्याबाईंचा एकुलता भाऊ. त्यानंतर त्यांची झोप उडाली. डोकं दुखायचं, जेवण जाईना. कुणाची झोप उडणार नाही? पण तेवढ्यात भोसरीचा पुतण्या आला, हातात सफरचंदांची पिशवी घेऊन. इतक्या वर्षांत धान्याचं पोतं अंगणात टाकून निघून जाणारा माणूस त्या दिवशी दोन तास बसला. म्हणाला, "काकी, पुन्याला मोठा डाक्टर हाय. झोपंचा, डोक्याचा. मी नेतो तुला."

त्या वेळी कारखान्यांच्या जागेसाठी माणसं फिरत होती. भोसरीची जमीन विकायची म्हणून हा पुतण्या दोनदा अंगठा मागायला आला होता आणि आत्याबाईंनी दोनदा त्याला परत पाठवलं होतं. हे आम्हाला माहीत होतं. तरी आम्ही सफरचंदं खाल्ली.

आत्याबाई नको म्हणत होत्या. रात्री भाकरी थापताना मला हळूच म्हणाल्या, "त्या कागदातल्यासारका तर नसंल ग डाक्टर?"

मी हसले. हो, मी हसले. आणि शहाणपणानं सांगितलं, "आत्याबाई, ते चित्रातलं असतं. खऱ्या डॉक्टरपासून काही लपवू नये. सगळं सांगितलं तरच गुण येतो." शाळेत आरोग्याच्या पुस्तकात वाचलेलं वाक्य होतं ते.

पुतण्यानं एसटीनं आम्हा दोघींना पुण्याला नेलं. डॉक्टरचं स्वतःचं हॉस्पिटल होतं, एका बंगल्यात, दहा खाटांचं. पुतण्या बाहेर बाकावर बसला. आम्ही आत गेलो आणि मी पाहिलं तर दाढी नाही, चष्मा नाही. गोरा, गुळगुळीत दाढी केलेला, आवाज इतका मऊ की आपणच खाली बघावं. आत्याबाईंना त्यानं खुर्ची दिली. आमच्याकडे साधा तलाठीसुद्धा बाईमाणसाला खुर्ची देत नव्हता. स्वतः उठून माठातलं पाणी आणून दिलं. मला वाटलं, काय देवमाणूस आहे. गोगलगाय आणि पोटात पाय म्हणतात ते मला तेव्हा दिसले नाहीत.

"मावशी, झोप का लागत नाही?" त्यानं विचारलं.

"भाऊ गेला माजा."

"कुणाचा आवाज ऐकू येतो का? कुणी बोलतं का तुमच्याशी?"

 आत्याबाईंनी माझ्याकडं बघितलं. ती नजर मला आजही कळते. ती विचारत होती, सांगू का? आणि मी उचलली जीभ लावली टाळ्याला. मीच सुरू केलं. पाहुण्याला सांगावं तसं, हौसेनं. "डॉक्टर, ह्यांच्या अंगात देवी येते. लांबलांबची माणसं येतात. देवी ह्यांच्या तोंडून बोलते."

तो लिहायला लागला. मान वर न करता मऊ आवाजात म्हणाला, "असं? आणि देवी जमिनीबद्दल काही सांगते का?"

आत्याबाई म्हणाल्या, "व्हय. इकू नगं म्हनती."

त्यानं तेही लिहिलं. आत्याबाईंचा अंगठा एका कागदावर घेतला, उपचाराला संमती म्हणून. मीच त्यांचं बोट शाईच्या गादीवर टेकवलं. झोपेच्या गोळ्यांची पुडी घेऊन आम्ही घरी आलो. वाटेत मी त्यांना म्हटलं, बघा, किती चांगला माणूस आहे.

अहो, झोपेच्या डॉक्टरला जमिनीशी काय करायचं होतं? आत्याबाईंना जमीन आहे हे त्याला कुणी सांगितलं होतं? आम्ही तर शब्द काढला नव्हता. एवढी साधी गोष्ट मला दोन आठवड्यांनी सुचली, आणि तोवर दारात मोटार उभी होती. पुतण्या, डॉक्टरचे दोन नोकर आणि एक कागद. कागदावर इंग्रजीत लिहिलं होतं की या बाईंना भास होतात, त्या अदृश्य शक्तीच्या हुकमानं वागतात आणि स्वतःच्या मालमत्तेबद्दल निर्णय घ्यायला त्या असमर्थ आहेत. ते इंग्रजी मीच वाचून सगळ्यांना मराठीत सांगितलं. माझ्या शिक्षणाचा असा उपयोग झाला.

मी दारात आडवी झाले. आमचे हे म्हणाले, "अगं, डॉक्टरांनी लिहिलंय. शिकलेली माणसं आहेत ती." मी ह्यांना त्या दिवशी जे बोलले ते इथं लिहिण्यासारखं नाही. पण माणूस जन्मभर साहेबांना सलाम करत आला की कागद बघितल्यावर त्याचे गुडघे आपोआप वाकतात.  आत्याबाईंनी मात्र म्हशीला पाणी दाखवलं, पदर खोचला आणि त्या मोटारीत बसल्या.

आठवड्यानं मी एकटीच गेले. घरात न सांगता, एसटीनं. डॉक्टरनं मलाही खुर्ची दिली. मी बसले नाही. मी म्हटलं, "तुम्ही पुतण्याशी संगनमत केलंय. जमिनीचं तुम्हाला आधीच माहीत होतं."

तो रागावला नाही, हे लक्षात घ्या. कागदातला डॉक्टर अशा वेळी खदाखदा हसायचा, आपला सगळा कट स्वतःच सांगायचा, आणि तेवढ्यात खिडकी फोडून कुणीतरी आत यायचं. हा नुसता माझ्याकडे बघत राहिला, आजारी लेकराकडे बघावं तसा. मग म्हणाला, "ताई, मी माझ्या मनचं एक अक्षर लिहिलेलं नाही. सगळं तुम्हीच सांगितलंत. हवं तर वाचून दाखवतो." आणि त्यानं वाचून दाखवलं. माझीच वाक्यं. देवी येते, देवी बोलते, लांबलांबची माणसं येतात. वही मिटली आणि विचारलं, "तुम्हाला झोप नीट लागते ना?"

त्या प्रश्नाचा अर्थ मला लगेच कळला. मी घाबरले. खोटं कशाला सांगू. आणखी एक शब्द बोलले असते तर अकराव्या खाटेची सोय त्यानं माझ्यासाठी केली असती आणि आमचे हे म्हणाले असते, डॉक्टरांनी लिहिलंय.

तेव्हापासून माझा त्या चित्रं काढणाऱ्यांवरही राग आहे. कुठल्या तरी लांबच्या देशात बसून त्यांनी बरोबर ओळखलं होतं की मनाचा डॉक्टर वाईट निघाला तर त्याच्याइतका घातकी कुणी नाही, कारण त्याच्या हाती आपण होऊन किल्ल्या दिलेल्या असतात. एवढं ओळखलं, आणि मग त्याला दाढी लावली. डोळे लाल केले. माझ्यासारख्या बावळटांना वाटलं, पापी माणूस लांबूनच ओळखू येतो. साधा, सभ्य, माठातलं पाणी आणून देणारा काढला असता तर त्यांचं काय गेलं असतं? आकुर्डीतली एक बाई तरी सावध झाली असती.

त्या दिवशी मला आत्याबाईंना पाच मिनिटं भेटू दिलं. केस कापून टाकले होते. दोन्ही कानशिलांवर काळे डाग होते, वीज देत होते म्हणून. मी रडायला लागले. त्या म्हणाल्या, "म्हस दूद देती का?" मी हो म्हटलं. ते खोटं होतं, त्या गेल्यापासून म्हैस कुणाला हात लावू देत नव्हती.

डॉक्टरच्या दाखल्यावर कोर्टानं पुतण्याला त्यांचा पालक नेमलं. चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या. आम्ही वकील पाहिला, तो म्हणाला की दाखल्याच्या विरुद्ध दुसऱ्या मनाच्या डॉक्टरचा दाखला आणा. आम्ही तसा दुसरा डॉक्टर कुठून आणणार? वकील म्हणेल तेव्हा हेलपाटे घातले. दरम्यान पुतण्यानं पालक म्हणून सही केली आणि जमिनीचं खरेदीखत झालं. आणि काय नवल, पंधराच दिवसांत आत्याबाई बऱ्या झाल्या. असा रोग आणि असा गुण मी कुठं बघितला नाही. मोटारीनं घरी आणून सोडलं.

पुढच्या वर्षी भोसरीला एका लग्नाला गेले तेव्हा मुद्दाम वाट वाकडी करून ती जमीन बघून आले. विहीर बुजवली होती आणि पत्र्याच्या शेडा उभ्या राहत होत्या. रस्त्याकडच्या कोपऱ्याला वेगळं तारेचं कुंपण घातलेलं होतं आणि पाटीवर डॉक्टरचं नाव होतं. पदवीसकट. मी त्या पाटीवर थुंकले. लग्नाच्या शालूत, भर दुपारी, दोन गवंडी बघत असताना. त्याचा मला आजही पश्चात्ताप नाही. फार तर एवढंच वाटतं, की तो तिथं असायला हवा होता.

आत्याबाई घरी आल्या त्या वरवर पहिल्यासारख्याच होत्या. धार काढायच्या, डाळ निवडायच्या. केस वाढले. पौर्णिमेला बाया आल्या तर त्यांना दारातच सांगितलं, "आता न्हाई येत." बाया नारळ घेऊन परत गेल्या. मला वाटलं, होईल हळूहळू. मी त्यांची माफी मागितली, एकदा नाही, दहादा. त्या म्हणायच्या, "तुजा काय दोस, पोरी." माझ्या बाळंतपणात त्यांनी माझं सगळं केलं, माझ्या लेकीला अंगाखांद्यावर वाढवलं.

फक्त स्वतःचं काही सांगेनात. डोकं दुखतं का? न्हाई. झोप लागली का? लागली. काय खावंसं वाटतं? काय बी. मी त्याला समजूतदारपणा समजत राहिले.

तीनेक वर्षांनी त्या एकाएकी वाळायला लागल्या. जेवणावरून उठायच्या आणि गोठ्यात जाऊन बसायच्या. मी विचारलं की म्हणायच्या, "पित्त हाय." शेवटी एक दिवस गोठ्यातच पडल्या तेव्हा आम्ही त्यांना पुण्याला मोठ्या दवाखान्यात नेलं. तिथली लेडी डॉक्टर खरोखर चांगली होती. तिनं पोटावर हात ठेवून विचारलं, "आजी, इथं दुखतं?"

"न्हाई."

तिनं दाबलं. आत्याबाईंच्या डोळ्यांतून पाणी आलं, मुठी वळल्या.

"दुखतंय ना?"

"न्हाई दुकत."

डॉक्टरनं मला बाहेर बोलावून सांगितलं, पोटात मोठी गाठ आहे, वर्ष-दीड वर्ष तरी यांना भयंकर दुखत असणार, इतके दिवस तुम्ही काय करत होता? 

घरी आल्यावर मी आत्याबाईंवर ओरडले. आजारी माणसावर ओरडू नये, पण माझा स्वभाव. म्हटलं, "वर्षभर कळा सोसल्यात आणि एका शब्दानं सांगितलं नाहीत? मला सुद्धा?"

त्या भिंतीला टेकून बसल्या होत्या. रागावल्या नव्हत्या. लहान मुलाला समजावून सांगावं तसं म्हणाल्या, "सांगितलं की लिवत्यात, पोरी." थोडा वेळ श्वास घेतला. "आन तू सांगतीस."

दिवाळीच्या आत त्या गेल्या. शेवटचे तीन आठवडे मी रात्रंदिवस उशाशी होते, पाय चेपत होते, पाणी पाजत होते. कुठं दुखतं ते त्यांनी मला शेवटपर्यंत सांगितलं नाही.